विष्णुपुरीचा फ्लेमिंगो

दाजी स्पेनहून परत आले ते डोक्यावर मागं पदर सोडलेली टोपी, अंगात नुसत्या खिशांचंच शिवलंय असं वाटणारं जाकीट आणि गळ्यात दुर्बीण घालून. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले, नांदेडजवळ विष्णुपुरीला घर बांधून राहिले, आणि तोवर कावळा-चिमणी सोडून तिसऱ्या पक्ष्याशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. त्यांचा मुलगा तिकडे भूमध्य समुद्राच्या काठी एका गावात नोकरीला आहे. त्याच्याकडे उन्हाळा काढायला दोघं गेले, गावाशेजारच्या मिठागरात दाजींना फ्लेमिंगोंचा थवा दिसला, आणि माणूस पार बदलला.

"समुद्र कसा होता हो अक्का?" असं मी नणंदेला फोनवर विचारलं होतं. माझा नवरा तिला अक्का म्हणतो, म्हणून मीही म्हणते.

"कुठला समुद्र? माझी सगळी सुट्टी चिखलाच्या काठाला गेली," ती म्हणाली. "लोक तिकडं वाळूत लोळत होते आणि आम्ही झुडपामागं. एकदा तर पोलीस विचारायला आला, इथं काय करून राहिले म्हणून."

आम्ही लातूरचे. नवऱ्याचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईचा जोर जरा ओसरला की दुकान धाकट्या दिराच्या हवाली करायचं आणि आठवडाभर विष्णुपुरीला जायचं, हा आमचा दर मे महिन्याचा रिवाज. तिथं दिवसा कूलरसमोर पडायचं, संध्याकाळी नांदेडात जाऊन कुल्फी खायची आणि अक्काच्या हातचं जेवायचं, एवढाच कार्यक्रम. दाजी स्पेनहून आल्यानंतरच्या मे महिन्यातही आम्ही तेवढ्यासाठीच निघालो. गाडीत नवरा, मी, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. सासूबाई उदगीरकडच्या. त्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात, आणि मीही.

पोचलो, पाणी प्यालो, तोच दाजींनी सांगितलं, "उद्या पहाटे सगळ्यांनी धरणाच्या पाण्यावर यायचं आहे. भडक रंग चालणार नाही. बोलायचं नाही. पावडर, अत्तर काही लावायचं नाही."

"आणि ते का म्हणून?" अव्वांनी विचारलं. त्या रोज सकाळी अंघोळ करून ठसठशीत विभूती लावतात आणि केशरी नाही तर मोरपंखी लुगडं नेसतात. त्यांच्या पेटीत तिसरा रंगच नाही.

"पक्षी बिचकतात."

"मला बघून?" अव्वा म्हणाल्या. "जावईबापू, मला बघून आजवर कोंबडं पण बिचकलं न्हाई."

शेवटी अव्वांच्या अंगावर दाजींची जुनी मातकट शाल टाकायची असं ठरलं. मे महिन्यात, नांदेडात, शाल.

पहाटे निघालो. विष्णुपुरीच्या धरणामागं गोदावरीचं पाणी लांबवर पसरलेलं असतं. उन्हाळ्यात ते आत ओसरतं, आणि मग काठाला भेगाळलेला चिखल आणि मधे मधे उघडी पडलेली लहान बेटं दिसतात. दाजींनी एका बाभळीच्या झुडपामागं आम्हाला ओळीनं बसवलं. बसलो. काठावर बगळे होते, पाणकावळे होते, एक म्हैस होती. बगळ्यांकडं दाजी ढुंकून बघेनात. त्यांना तसले पक्षी नको होते.

नवऱ्याला पक्ष्यांत काही रस नव्हता, पण दाजींच्या पुढं एक पाऊल असावं ही त्याची अक्काच्या लग्नात करवला झाल्यापासूनची इच्छा. त्यानं दुर्बीण मागून घेतली, इकडं तिकडं फिरवली आणि एकदम दबक्या आवाजात म्हणाला, "दाजी. ते गुलाबी काय आहे?"

दाजींनी त्याच्या गळ्यातली दुर्बीण गळ्यासकट ओढली. लांबच्या एका बेटावर, ऐन उगवत्या सूर्याच्या खाली, खरंच काहीतरी गुलाबी उभं होतं.

"फ्लेमिंगो," दाजी म्हणाले.

मग प्रत्येकाला थोडा थोडा वेळ दुर्बीण मिळाली. मला जे दिसलं ते सांगते. एक बारीक काळा पाय चिखलात रोवलेला. त्यावर गुलाबी फुगीर अंग. आणि वर आकड्यासारखी वळलेली मान. पाणी उन्हानं थरथरत होतं आणि त्यासोबत तोही जरासा थरथरत होता. मी आयुष्यात फ्लेमिंगो बघितला नव्हता, पण चित्रात असतो तो असाच.

"एकाच पायावर?" लेकीनं विचारलं.

"झोपलाय. ते एका पायावर झोपतात," दाजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. "स्पेनहून आलाय की काय कोण जाणे."

"तुमच्या मागं मागं?" अक्का म्हणाली.

आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत बसलो. तो हलला नाही. अव्वा शालीत शिजून निघाल्या. लेक म्हणाली, "बाबा, तो हलतच नाहीये." तर दाजींनी तिला गाढ झोप आणि साधी झोप यातला फरक समजावून सांगितला. मग त्यांनी दुर्बिणीला मोबाईल चिकटवून फोटो काढला. त्यात धुरकट गुलाबी ठिपका आणि एक आकडा एवढंच आलं होतं. तो फोटो त्यांनी आधी स्पेनला मुलाकडं पाठवला. मुलाकडून लगेच अंगठा आला. तेवढ्यावर दाजींनी तो आपल्या निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर टाकला: विष्णुपुरीत फ्लेमिंगोचं आगमन. घरी येईपर्यंत फुलं, हात जोडलेले आणि टाळ्या यांचा नुसता पाऊस पडला होता. (मुलानं फोटो उघडलाच नव्हता, वडिलांच्या सगळ्याच मेसेजला तो अंगठा देतो, हे पुढं कळलं.)

दुसऱ्या दिवशी फ्लेमिंगो तिथंच होता. तसाच, त्याच पायावर. तिसऱ्या दिवशीही. आता दाजींचा आनंद जाऊन त्या जागी फिकीर आली. जेवताना ते घास हातात धरून बसायचे.

"आजारी असणार," ते म्हणाले. "इतका वेळ कुणी झोपत नाही."

"तुम्ही दुपारी झोपता की," अक्का म्हणाली.

"पायात काहीतरी अडकलं असेल. उपाशी असेल बिचारा."

"ते काय खातात?" नवऱ्यानं विचारलं.

"बारीक झिंगे. त्यानंच तर तो रंग येतो."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. अक्कानं पोळी लाटता लाटता लाटणं खाली ठेवलं. "या घरात झिंगे आले तर मी सरळ माहेरी निघून जाईन."

तिचं माहेर म्हणजे आमचंच घर. नवरा घाईघाईनं म्हणाला, "मटकी घेऊन जाऊ. भिजवलेली. भूक लागली की काय बी खातंय माणूस."

"तो माणूस आहे का?" लेक म्हणाली. पण मटकी भिजत पडली.

अशा रीतीनं सुटका मोहीम ठरली. भिजवलेली मटकी, एक मोठा टॉवेल, पक्ष्याला ठेवायला अक्काचा कपडे धुवायचा टब, आणि जखमेला लावायला हळद. हळद अव्वांनी दिली. "पक्षी असला म्हणून काय झालं," त्या म्हणाल्या. त्या आता त्याला 'जावयाचा बगळा' म्हणायच्या आणि सकाळी देवापुढं त्याचं नाव घ्यायच्या.

काठावर एक मासेमारी करणारा गडी भेटला. त्याच्याकडं होडी नव्हती. जाड थर्माकोलचे तुकडे पोत्यात घालून शिवलेला तराफा होता. तो म्हणाला, "एकाच टायमाला दोघं बसू नका, कलंडंल. एकानं बसा, एकानं धरून पाण्यातून चला. लई खोल न्हाई." आम्ही कशासाठी चाललोय ते दाजींनी सांगितलं, तर तो म्हणाला, "असंल साहेब. म्या कवा बघितला न्हाई, पर असंल."

दाजी तराफ्यावर बसले. मांडीवर टब, टबात मटकी. नवरा पँट गुडघ्यावर दुमडून तराफा धरून पाण्यात उतरला आणि गडी मागून पाण्यात उतरून बांबूनं पुढं रेटू लागला. काठावरून आम्ही बघत होतो. नवऱ्याला गुडघाभर पाणी होतं, मग कंबरभर झालं, मग एकदम तो दिसेनासा झाला. अव्वा किंचाळल्या. तो वर आला तेव्हा डोक्यावर हिरवं शेवाळ होतं. दाजींनी मागं वळून तोंडावर बोट ठेवलं. पक्षी बिचकेल म्हणून.

नवऱ्याला दहा-बारा शब्द सुचले असणार, पण मेहुण्याच्या पुढं राहायचं म्हणून त्यानं ते गिळले. थोडं पाणी आधीच गिळलेलं होतं.

बेट जवळ आलं तसं दाजी तराफ्यावर पालथे झाले. हातात टॉवेल पसरून ते सावकाश, इंचाइंचानं पुढं सरकायला लागले. मी दुर्बिणीतून बघत होते. पक्षी शांत होता. दाजींनी मटकीची मूठ पुढं केली. पक्षी शांत. मग दाजींनी एकदम झेप घेतली, टॉवेल टाकला आणि चिखलात त्या फ्लेमिंगोला मिठी मारून लोळले.

मग ते बराच वेळ उठलेच नाहीत.

"चावला काय ग?" अव्वांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मला दुर्बिणीतून आता स्वच्छ दिसत होतं. "अव्वा, ती छत्री आहे."

बायकांची गुलाबी छत्री. मिटलेली, पण पट्टी न लावता सैल सोडलेली, त्यामुळं कापड पोटासारखं फुगलेलं. टोक चिखलात रोवलेलं, तो पाय. आणि वर मुठीचा आकडा, ती मान.

तेवढ्यात काठाच्या पलीकडच्या टोकाकडून दुसरा एक मासेमारी करणारा ओरडत पळत आला. "ओ! ओ साहेब! उपटू नका ती! माझी खूण हाय!" त्यानं रोज रात्री लावलेलं जाळं नेमकं कुठं आहे ते सकाळी कळावं म्हणून ती छत्री रोवली होती. जाळं कुठं आहे हे नवऱ्याला तोवर कळलंच होतं, कारण तो त्यात पाय अडकून उभा होता. सोडवायला दोघं गडी लागले.

परत आले तेव्हा दाजी टोपीपासून चपलेपर्यंत चिखलाचे होते. कुणी हसलं नाही. म्हणजे अक्कानं तोंडात पदर कोंबला होता, लेक बाभळीच्या मागं जाऊन बसली होती आणि मी आभाळाकडं बघत होते. अव्वा तेवढ्या खरंच हळहळल्या. "जीव नव्हता व्हय त्यात," त्या म्हणाल्या. "आणि मी रोज हात जोडून राहिले."

मटकीची त्या रात्री उसळ झाली.

पण खरा मामला पुढंच होता. दाजींच्या मित्रांनी रविवारी सकाळी फ्लेमिंगो बघायला येण्याचं ठरवलं होतं. सगळ्यांचे होकार आले होते. नाश्त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला ते घरून करून आणणार होते. सांगायचं कसं? दाजींनी फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. शेवटी त्यांनी माझ्या नवऱ्याला अंगणात बाजूला बोलावलं आणि दोघं काहीतरी कुजबुजले. दोघांचं इतकं एकमत मी लग्नापासून पाहिलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी दोघं धरणावर जाऊन आले. आल्यावर अक्कानं विचारलं, "काय केलंत?"

"काही नाही," दाजी म्हणाले. "छत्रीवाल्याला म्हटलं, तुझी खूण आहे तिथंच राहू दे."

रविवारी दोन ऑटो भरून मंडळी आली. त्यांचे म्होरके निवृत्त गार्डसाहेब होते, जाड भिंगांचा चष्मा आणि फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा आवाज. ते आमच्याकडं बघून म्हणाले, "मी जन्मभर लांबचे सिग्नल बघितलेत. माझी नजर फसत नसते." आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. चष्म्यावरून.

"अहाहा," ते म्हणाले. "काय तो रंग!"

दुर्बीण हातोहात फिरली. कुणाला चोच दिसली, कुणाला पिसं. एकानं तो नर आहे हे ओळखलं. गार्डसाहेबांनी दुसऱ्यांदा बघितलं आणि हात वर केला. "शांत राहा. डोळा उघडला त्यानं."

दाजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांना घाम फुटला होता. छत्रीचा मालक थोडा पलीकडं उकिडवा बसून हा सगळा तमाशा बघत होता. आपल्या छत्रीत एवढं काय आहे, हे त्याला समजत नव्हतं.

इतक्यात काठावरून एक वावटळ उठली. मेमध्ये उठतात तशी, पाचोळा आणि धूळ घेऊन. ती पाण्यावरून बेटाकडं गेली आणि छत्री हलली.

"उठला!" गार्डसाहेब ओरडले.

छत्री एकदा थरथरली, आणि फट्कन उघडली.

"पंख! पंख पसरले!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. छत्री चिखलातून सुटली, वर उडाली, हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि लांब पाण्यावर उलटी जाऊन पडली. तिथं ती परातीसारखी तरंगायला लागली.

"पोहतोय बघा," कुणीतरी म्हणालं.

छत्रीचा मालक उठून पळतच सुटला. तराफ्यावर उडी मारून तो बांबू मारू लागला. गार्डसाहेबांचा चेहरा लाल झाला. "ए! ए गड्या! धरू नको त्याला! गुन्हा आहे!"

"माझी हाय ती!" तो तिकडून ओरडला.

"पक्षी कुणाच्या मालकीचा नसतो!"

अक्का आता मटकन खाली बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारच्या बाईंना वाटलं तिला भरून आलं. त्यांनी तिची पाठ थोपटली.

दाजींना ते सहन झालं नाही. मूळचा माणूस सरळ. ते एका उंचवट्यावर चढले आणि म्हणाले, "मित्रहो, थांबा. मला काही सांगायचं आहे. ती छत्री आहे."

मग गार्डसाहेब खो खो हसले. "आमचे साहेब पहिल्यापासून विनोदी."

"अहो, खरंच छत्री आहे. मी तिला मिठी मारलीय."

"साहेब, मी डोळा उघडलेला बघितला. छत्री डोळा उघडते का?"

तोवर मालक परत आला होता. हातात गुलाबी छत्री, पाणी निथळत असलेली. दाजींनी ती उघडून, मिटून, उलटी चिखलात रोवून दाखवली. हा पाय, ही मान. मंडळी बघत राहिली. गार्डसाहेबांनी छत्रीला एक प्रदक्षिणा घातली.

"ही छत्री आहे," ते म्हणाले. "हे मी मान्य करतो. पण मग पक्षी कुठं गेला?"

"हाच पक्षी!"

"म्हणजे तो हिच्या शेजारी बसला होता." त्यांनी मालकाकडं वळून विचारलं, "काय रे, काही उडालेलं दिसलं का?"

मालकानं सगळ्यांची तोंडं बघितली. इतकी मोठी माणसं, सकाळी सकाळी ऑटो करून आलेली. त्याला वाईट वाटलं असावं. "हाव," तो म्हणाला. "काहीतरी उडाल्यासारखं झालं बघा."

"बघा!" गार्डसाहेब म्हणाले, आणि विषय संपला. तिथल्या तिथं पक्षीमित्र मंडळ स्थापन झालं आणि दाजींना अध्यक्ष केलं. दाजी नको नको म्हणत होते, तेसुद्धा त्यांच्या नम्रपणात गेलं. नवरा टाळ्या वाजवण्यात सगळ्यात पुढं होता. अव्वांनी शाल काढून दाजींच्याच खांद्यावर घातली. शाल त्यांचीच, पण सत्कार झाला.

मी आणि लेकीनं चादर अंथरली आणि सुशील्याचे डबे उघडले. तेवढ्यात लेकीनं माझं कोपर दाबलं. समोर पाण्यावर, अगदी जवळ, एक काळापांढरा पक्षी हवेत एकाच जागी थांबला होता. पंख भिरभिर चाललेले, चोच खाली रोखलेली, पण जागा सोडत नव्हता. मंडळींच्या माना तिकडं वळल्या. मग त्यानं सरळ खाली सूर मारला, पाणी उडालं, आणि चोचीत चांदीसारखा मासा घेऊन तो आमच्या डोक्यांवरून गेला. त्याला बघायला दुर्बीण लागली नाही.

"अध्यक्ष, याचं नाव काय?" गार्डसाहेबांनी हळू आवाजात विचारलं. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

दाजी त्या दिशेला बघत राहिले होते. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

"असू द्या," गार्डसाहेब म्हणाले आणि चादरीवर मांडी घालून बसले. अक्कानं डोळे पुसले आणि वाढायला घेतलं. छत्रीच्या मालकाला गार्डसाहेबांनी आपल्या शेजारी जागा करून दिली, आणि पहिली बशी त्याच्यापुढं सरकवली.